खिशात संगणक, कियोस्कवर रांग

खरिपाचा धान निसवू लागला की बालाघाट जिल्ह्यात आणखी एक हंगाम सुरू होतो, हमीभावाच्या नोंदणीचा. मध्य प्रदेश सरकारच्या ई-उपार्जन पोर्टलवर नाव, जमीन आणि बँक खाते वेळेत नोंदले नाही, तर खरेदी केंद्रावर धान घेतला जात नाही. ही नोंदणी शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून, सरकारच्या किसान ॲपमधून, फुकट करता येते. तरीही त्या दिवसांत वारासिवनीपासून लांजीपर्यंत ऑनलाइनवाल्यांच्या दुकानांपुढे लोक ताटकळत उभे असतात आणि त्याच कामाचे पैसे मोजतात. त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात स्मार्टफोन असतो. दुकानदाराच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बरेचदा इतका जुना असतो, की रांगेतल्या एखाद्या फोनचा प्रोसेसर त्याच्याहून वेगवान निघावा.

मग दुकानदाराकडे असे काय आहे, जे रांगेतल्या माणसाकडे नाही? सवय आहे, हिंदी पोर्टलांची नस माहीत आहे, हे खरेच. पण त्याखेरीज तीन साध्या वस्तू आहेत: मोठा पडदा, कीबोर्ड आणि माउस. खसऱ्याच्या आकड्यांची लांबलचक यादी सहा इंची काचेवर अंगठ्याने सरकवत भरणे, मध्येच फाइल शोधून ती ठरलेल्या आकारात चढवणे, ओटीपी येताच दुसऱ्या खिडकीत जाणे आणि परत येईपर्यंत फॉर्म कोरा झालेला पाहणे, हा अनुभव ज्याने घेतला त्याला कियोस्कवर पैसे देणे स्वस्त वाटते.

या तीन वस्तू फोनला जोडता येतात. यूएसबी-सीच्या छिद्रात एक छोटा हब लावायचा, त्यातून एक केबल टीव्हीला किंवा मॉनिटरला न्यायची, कीबोर्ड, माउस आणि चार्जरही त्याच हबला लावायचे. योग्य फोन असेल तर पडद्यावर फोनची उभी पट्टी न दिसता कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप उघडतो: खाली टास्कबार, वेगवेगळ्या खिडक्या, एका बाजूला पोर्टल आणि दुसऱ्या बाजूला पीडीएफ. ही सोय नवी नाही, पंधरा वर्षे जुनी आहे. ती बालाघाटच्या रांगेपर्यंत का पोहोचली नाही, याची कारणे मात्र पाहण्यासारखी आहेत.

पंधरा वर्षांचे प्रयोग

जानेवारी 2011 मध्ये मोटोरोलाने ॲट्रिक्स हा फोन दाखवला. आत एक गिगाहर्ट्‌झचा दोन गाभ्यांचा टेग्रा-2 प्रोसेसर आणि एक जीबी रॅम. सोबत ‘लॅपडॉक’ होता: लॅपटॉपसारखा दिसणारा, 11.6 इंची पडदा आणि कीबोर्ड असलेला, पण स्वतःचे डोके नसलेला सांगाडा. फोन मागे खोचला की त्यावर लिनक्सवर बांधलेला डेस्कटॉप आणि फायरफॉक्स उघडे. कल्पना अचूक होती, किंमत चुकली. नुसता सांगाडा पाचशे डॉलरना होता आणि तेवढ्या पैशांत खरा लॅपटॉप येत होता. मोटोरोलाने पुढच्याच वर्षी तो नाद सोडला.

2013 मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने लोकवर्गणीतून ‘उबुंटू एज’ काढायचे ठरवले. फोन आणि संगणक एकच, असा तो प्रकल्प होता. 3 कोटी 20 लाख डॉलर मागितले, सव्वा कोटीच्या थोडे वर जमले, आणि फोन निघालाच नाही. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ल्युमिया 950 सोबत ‘कंटिन्युअम’ आणले. पडद्यावर विंडोज दिसे, पण त्यात विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम चालत नसत. ज्याच्यासाठी माणूस विंडोज घेतो तेच नसेल, तर नुसत्या चेहऱ्याला कोण भुलणार?

टिकला तो सॅमसंगचा ‘डेक्स’. एप्रिल 2017 मध्ये गॅलेक्सी एस-8 बरोबर तो आला. भारतात त्या फोनची किंमत 57,900 रुपये होती आणि डेक्सची बैठक, म्हणजे डॉक, वेगळी घ्यावी लागे. त्या बैठकीत पंखा होता, कारण मोठा पडदा चालवताना फोन तापतो. 2018 मध्ये नोट-9 पासून बैठकीची गरज संपली, साधी यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल पुरू लागली. 2020 मध्ये नोट-20 पासून केबलशिवाय, वायफायवरून टीव्हीवर डेक्स चालू लागला. पुढे मोटोरोलाही ‘रेडी फॉर’ या नावाने या वाटेवर परतली. मे 2025 मध्ये गुगलने सॅमसंगच्या साथीने अँड्रॉइड 16 मध्येच डेस्कटॉप पद्धत घालत असल्याचे जाहीर केले. एका कंपनीची खासियत असलेली गोष्ट अशा रीतीने अँड्रॉइडच्या मुळात शिरू लागली.

म्हणजे तंत्र तयार आहे. अडते कुठे, तर छिद्रात.

एकच स्टेशन, दोन गेज

दुकानात आठ-दहा हजारांच्या फोनलाही आता यूएसबी-सी असते आणि पाऊण लाखाच्या फोनलाही. बाहेरून दोन्ही छिद्रे एकसारखी. बालाघाटच्या माणसाला यातला फरक समजावणे सोपे आहे. सातपुड्यातून जाणारी गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी गोंदियाला मुंबई-हावडा मार्गाच्या ब्रॉडगेजला भेटायची. स्टेशन एकच, पण नॅरोगेजचा डबा दुसऱ्या रुळांवर चढत नसे. यूएसबी-सीचेही तसेच आहे. छिद्रात 24 पिनांची जागा असते. त्यांतल्या काही वीज आणि साधी माहिती वाहतात. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान जोड्या निराळ्या. महागड्या फोनात त्या जोड्यांची वायर आतपर्यंत ओढलेली असते, स्वस्त फोनात ती नसते. त्यात महागडा हब लावला तरी टीव्ही कोराच राहतो.

हिशेबही करून पाहता येतो. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रे, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट. स्वस्त फोनातल्या यूएसबी 2.0 चा वेग कागदावर 480 मेगाबिट आहे, म्हणजे गरजेच्या सहाव्या भागाएवढा. कच्चे चित्र त्या वाटेने जाऊ शकत नाही. म्हणूनच 2014 मध्ये, यूएसबी-सीचे मानक आले त्याच वर्षी, त्या वेगवान जोड्यांवरून डिस्प्लेपोर्टचे चित्र थेट पाठवायची पद्धत ठरवली गेली. माहितीचा वेग कमी असला तरी हे जमते. 2023 चा साधा आयफोन 15 यूएसबी 2.0 च्याच वेगाने फायली पाठवतो, पण बाहेरच्या पडद्याला 4के चित्र देतो, कारण ॲपलने त्या जोड्या आत आणल्या. (तिथे अडचण दुसरी आहे. आयफोन मोठ्या पडद्यावर मुख्यतः स्वतःचेच प्रतिबिंब दाखवतो, डेस्कटॉप उघडत नाही.)

यावरून एवढे नक्की दिसते, की हा निव्वळ ताकदीचा प्रश्न नाही, निवडीचा आहे. खुद्द गुगलचे पिक्सेल फोन वर्षानुवर्षे चित्र बाहेर देत नव्हते. पिक्सेल-8 ला ती सोय 2024 मध्ये एका अपडेटने मिळाली. वायर आत होती, दार बंद होते. सॅमसंगच्या स्वस्त ए-मालिकेत डेक्स जवळजवळ नाहीच. जी कंपनी फोन विकते ती टॅब विकते आणि लॅपटॉपही विकते. एका खरेदीत दोन कामे उरकू देण्याची तिला घाई असण्याचे कारण नाही. हे माझे अनुमान आहे, पण पंधरा वर्षांचा इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. ज्याला लॅपटॉप परवडतो त्याच्याच फोनात ही सोय असते. ज्याला परवडत नाही त्याच्या फोनातून ती वगळलेली असते.

कोणाला लागतो कॉम्प्युटर?

‘आता सगळे मोबाइलवर होते, कॉम्प्युटर कशाला?’ हा प्रश्न शहरात ऐकू येतो. बालाघाटात त्याचे उत्तर परीक्षांच्या वेळापत्रकात आहे. मध्य प्रदेशात डेटा एन्ट्री ऑपरेटर, सहायक ग्रेड-3 अशा पदांसाठी सीपीसीटी ही संगणक-प्रावीण्य चाचणी द्यावी लागते. त्यात 75 प्रश्न, 75 मिनिटे. मग 15 मिनिटे इंग्रजी आणि 15 मिनिटे हिंदी टायपिंग. इंग्रजीत मिनिटाला 30 शब्द आणि हिंदीत 20 हवेत, तेही रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट मांडणीवर. अंगठ्याने कितीही झपाट्याने व्हॉट्सॲप लिहिणारा मुलगा इथे कोरा ठरतो. जेईई मेन आणि राज्याच्या बऱ्याच भरती परीक्षा कॉम्प्युटरसमोर बसून द्यायच्या असतात. ज्याने माउस कधी धरलाच नाही, त्याने पहिल्यांदा तो परीक्षेच्या हॉलमध्ये धरावा, ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि ती सगळ्यांनी मुकाट मान्य केली आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, ग्रामीण भारतातल्या फक्त 4.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरांत 23.4 टक्के. उलट, 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळजवळ 90 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरणारे 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के निघाले. यावर मुलांना दोष देणारे खूप आहेत. पण ज्या यंत्राला पडदा लहान आणि कीबोर्ड नाही, ते पाहण्यासाठी चांगले आणि लिहिण्यासाठी वाईट असते. मुले यंत्राच्या वळणाने जातात.

बालाघाटची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 17 लाख होती. सातांतले सहा जण खेड्यात राहणारे. जिल्ह्याचा निम्मा भाग जंगल, बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा वस्त्या, भरवेलीला मँगनीज, मलाजखंडला तांबे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी किंवा पोवारी बोलणाऱ्या कुटुंबांचे सगळे कागद तेव्हापासून भोपाळच्या हिंदीत निघतात. नातलग गोंदिया-तुमसरला, दवाखाना आणि कॉम्प्युटरची खरेदी नागपूरला, दाखला भोपाळच्या पोर्टलवर. इथल्या माणसाला दोन भाषांत टाइप करता येणे ही चैन नाही, रोजची गरज आहे.

टेबलावर मांडून पाहिले तर

काय चालते आणि काय चालत नाही, ते स्पष्ट सांगायला हवे.

ब्राउझरमधली कामे चालतात: फॉर्म, प्रवेश, निकाल, वीजबिल, नकला. क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ची खूण करावी लागते. गुगल डॉक्स, शीट्स, पीडीएफ, ईमेल, व्हिडिओ वर्ग उत्तम चालतात. मराठी-हिंदी लेखन चालते, पण परीक्षेला हवी तीच मांडणी बाहेरच्या कीबोर्डवर आपल्या फोनात मिळते का, हे आधी तपासून घ्यावे. विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगची सुरुवातही करता येते: टर्मक्स हे ॲप आहेच, आणि मार्च 2025 पासून पिक्सेल फोनांत अँड्रॉइडमध्येच लिनक्सचे टर्मिनल मिळू लागले आहे.

न चालणाऱ्यांची यादी व्यापाऱ्याला महत्त्वाची वाटेल. टॅली हा विंडोजचा प्रोग्राम. एक्सेलमधले मॅक्रो मोबाइल आवृत्तीत धावत नाहीत. निविदा भरणाऱ्या ठेकेदाराचे डिजिटल सहीचे यूएसबी टोकन विंडोज मागते. प्रिंटर वायफायचा असेल तर सरळ, जुना यूएसबीचा असेल तर डोकेदुखी. म्हणजे कियोस्कवाल्याचा कॉम्प्युटर उद्या फोनने हटणार नाही.

पण एका बाबतीत खेडे शहराच्या पुढे गेले आहे. गावात आधारवर पैसे काढून देणारा बँक मित्र पाहा. त्याच्या फोनला ओटीजी वायरने अंगठ्याचे यंत्र जोडलेले, ब्लूटूथवर छोटा प्रिंटर. त्याने फोनला कधीच संगणक केले आहे; फक्त त्याला कोणी डॉकिंग म्हणत नाही. ओटीजीवर कीबोर्ड आणि माउस तर अगदी स्वस्त फोनलाही लागतात. टायपिंगच्या सरावाला तेवढेही पुष्कळ आहे. स्वस्त फोनचे चित्र वायफायवरून स्मार्ट टीव्हीवर पाठवता येते, मात्र ते प्रतिबिंब असते आणि माउस किंचित मागे रेंगाळतो. डिस्प्लेलिंक जातीचा अडॅप्टर यूएसबी 2.0 वरूनही दाबून लहान केलेले चित्र नेतो. त्यासाठी ॲप टाकावे लागते आणि संरक्षित व्हिडिओ दिसत नाहीत, पण फॉर्म भरायला चालते.

मांडामांडीच्या काही गोष्टी अनुभवाने कळतात. घरचा 32 इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही दोन हातांवरून पाहिला तर अक्षरे फुटतात. जुना फुल एचडी मॉनिटर त्याहून बरा. टीव्ही कडा कापत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधावे. हब घेताना तो चार्जर जोडून वीज आत घेणारा, म्हणजे पीडीवाला, असावा. नाहीतर दोन तासांत फोन मान टाकतो. मे महिन्यात फोनचे कव्हर काढून ठेवावे आणि 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करावी. वीज गेली तर फोन चालूच राहतो, लिहिलेले जात नाही, फक्त पडदा विझतो. नुसता फोन मोजका पाच-दहा वॅट खातो. मॉनिटरसह जुना डेस्कटॉप शंभर-दीडशे. इन्व्हर्टर असलेल्या घरात हा फरक मोठा आहे.

पंचवीस हजारांचा प्रश्न

मध्य प्रदेश सरकार राज्य मंडळाच्या बारावीत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देते. योजना चांगली आहे, पण 74 टक्केवाल्याला कॉम्प्युटर कमी लागतो असे नाही, आणि गुण मिळेपर्यंतची बारा वर्षे तो कशावर शिकतो हा प्रश्न उरतोच. खासगी बाजूने जुलै 2025 मध्ये जिओ पीसी आले: सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड-माउस जोडायचा, कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरवर, भाडे सुरुवातीला महिना 599 रुपये अधिक जीएसटी. जिथे भक्कम ब्रॉडबँड आहे तिथे ठीक. जिथे नेट रडतखडत येते, तिथे कॉम्प्युटरही तसाच येणार. फोनचा फायदा हा, की त्याचे डोके त्याच्यापाशीच असते.

घरचा हिशेब असा मांडावा. बारा-पंधरा हजारांचा फोन आणि पंचवीस-तीस हजारांचा लॅपटॉप, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास. त्याऐवजी डेस्कटॉप देणारा एकच फोन घेतला तर? मे 2022 मध्ये भारतात आलेला मोटोरोला एज 30 ही सोय तीस हजारांच्या आत देत होता. वर हब, कीबोर्ड, माउस मिळून अडीच-तीन हजार, आणि पडदा घरातल्या टीव्हीचा. बचत सात-आठ हजारांची. पण वडील फोन घेऊन शेतात गेले की कॉम्प्युटरही शेतात जातो. फोन विहिरीत पडला की दोन्ही बुडाले. एकच फोन असलेल्या घरात हा मार्ग अपुरा आहे.

दुसरा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. जुने महागडे फोन, विशेषतः काच फुटलेले, कवडीमोलाने मिळतात. ज्या फोनचा पडदा फुटला पण पोर्ट शाबूत आहे, तो मॉनिटरला कायमचा जोडून ठेवला तर घरचा कॉम्प्युटर होतो. माउस असल्यामुळे काचेला हात लावावाच लागत नाही. पथ्य एकच: फार जुना नको. गॅलेक्सी एस-8 ची अपडेट 2021 मध्ये थांबली. अशा फोनवर टायपिंग करावे, अभ्यास करावा. बँकेचा व्यवहार करू नये.

तेव्हा निर्णय सांगायचा तर असा. व्यापारी, ठेकेदार आणि कियोस्कवाला यांनी लॅपटॉप सोडू नये. विद्यार्थी, सीपीसीटीची तयारी करणारे, पत्र-अर्ज लिहिणारे यांच्यासाठी फोनचा डेस्कटॉप आज पुरेसा आहे, फोन योग्य असेल तर. आणि तो योग्य आहे की नाही हे गिऱ्हाइकाला दुकानात कळत नाही, हा या सगळ्यातला खरा दोष आहे. युरोपने 28 डिसेंबर 2024 पासून फोनांना यूएसबी-सी सक्तीचे केले, पण ती सक्ती चार्जिंगपुरती. चित्र बाहेर येते की नाही हे खोक्यावर ठळक छापण्याचा नियम भारताने करावा. त्याला अनुदान लागत नाही. शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालये यांनी भंगारात निघालेले मॉनिटर आणि कीबोर्ड विकून न टाकता एका टेबलावर मांडावेत, शेजारी एक हब बांधून ठेवावा. मुलगा आपला फोन घेऊन येईल.

आणि या दिवाळीत घरात नवा फोन घेणार असाल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराला एक सांगा: हा फोन वायरने समोरच्या टीव्हीला जोडून दाखव. टीव्हीवर चित्र आले तरच पैसे मोजा.